पिनकोड दोनदा लिहिला तर: ४१३५१२४१३५१२ ही संख्या हाताने कशी फोडायची

प्रश्न लातूरच्या एका विद्यार्थ्याचा आहे. शिकवणीतल्या सरांनी शहराचा पिनकोड ४१३५१२ लागोपाठ दोनदा लिहून ४१३५१२४१३५१२ ही बारा अंकी संख्या फळ्यावर मांडली आणि हिचे सगळे गुणधर्म काढून आणा म्हणाले. मूळ अवयव, विभाजक किती, त्यांची बेरीज, पूर्ण वर्ग आहे का, हर्षद आहे का, १ ला तिने भागले तर दशांशात आवर्तन किती अंकांचे. कॅल्क्युलेटर चालणार नाही. विद्यार्थ्याने २ ने तीनदा भागले, ११ ने एकदा भागले, ४६९९००४६९९ उरले आणि तिथे गाडी अडली. आता वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देत बसायचे का, असे विचारतो. शिवाय पिनकोड तीनदा लिहिला असता तर काय झाले असते, हेही विचारले आहे.

भाग देत बसायचे नाही. ४६९९००४६९९ चे वर्गमूळ ६८,५४९ च्या आसपास येते. तिथपर्यंत सहा हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला अर्धा मिनिट धरला तरी पन्नास तास जातील. पण अडलात त्याच संख्येकडे जरा लांबून बघा: ४६९९, मग दोन शून्ये, मग परत ४६९९. ८ ने आणि ११ ने भाग जाऊनही जोडी फुटली नाही. उत्तर तिथेच लिहिलेले होते.

म्हणजे इथे मुद्दा भागाकाराचा नाहीच, संख्या तयार कशी झाली हा आहे. सहा अंकी संख्या दोनदा लिहिणे म्हणजे ती सहा घरे डावीकडे सरकवणे आणि मोकळ्या जागेत तीच पुन्हा भरणे. सरकवणे म्हणजे १०,००,००० ने गुणणे, भरणे म्हणजे एकदा मिळवणे. म्हणून

४१३५१२४१३५१२ = ४१३५१२ × १०००००१

इथे एक चूक हमखास होते. 'दोनदा लिहिले की १००१ ने गुणायचे' हे वाक्य डोक्यात बसलेले असते, पण ते तीन अंकी संख्येसाठी आहे. ४१३५१२ ला १००१ ने गुणले तर ४१३९२५५१२ येते, नऊच अंकी. जितके अंक पुन्हा लिहिले तितकी घरे सरकतात, एवढे लक्षात ठेवले की पाठांतराची गरज नाही.

आता एका राक्षसाऐवजी दोन साध्या संख्या हातात आहेत. त्या वेगवेगळ्या फोडायच्या.

आधी ४१३५१२. शेवटचे तीन अंक ५१२, त्यांना ८ ने भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. भागून ५१६८९ येते, विषम. म्हणजे २ बरोबर तीनदा. अंकांची बेरीज १६, त्यामुळे ३ बाद. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ ही बाद. यापुढे ७, ११, १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या लावू नका. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी केली की तिन्हींचा निकाल एकदम लागतो. ५१२ − ४१३ = ९९. त्याला ७ ने भागले तर बाकी १, १३ ने भागले तर बाकी ८, ११ ने मात्र पूर्ण भाग. ५१६८९ ÷ ११ = ४६९९.

यापुढे बहुतेक जण १७, १९, २३, २९, ३१ असे चढत जातात आणि पाच भागाकार फुकट घालवतात. मी ३७ आधी तपासतो, कारण त्याची कसोटी फुकटात मिळते. ९९९ = २७ × ३७, म्हणून तीन-तीन अंकांच्या गटांची बेरीज ३७ च्या पटीत आली तर संख्याही येते. ४१३ + ५१२ = ९२५ = ३७ × २५. भाग जातो. ४६९९ ÷ ३७ = १२७. या १२७ चे वर्गमूळ ११ ते १२ च्या मध्ये आहे, आणि २, ३, ५, ७, ११ यांपैकी कोणीही तिला भागत नाही. म्हणजे ती मूळ.

४१३५१२ = २³ × ११ × ३७ × १२७

आता १०००००१. हिचे रूप ओळखले तर एक ओळीचे काम आहे. दहा लाख म्हणजे १०० चा घन. आठवीच्या बीजगणितातले अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²) इथे बसते: अ = १००, ब = १. पहिला कंस १०१, दुसरा १०००० − १०० + १ = ९९०१.

१०१ मूळ आहे. ९९०१ बद्दल मात्र 'दिसते तर मूळच' म्हणून पुढे जाऊ नका. वर्गमूळ ९९.५ च्या किंचित पुढे, म्हणजे १०० च्या आत आहे आणि १०० च्या आत २५ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागून बघितले तरी चालेल, पंधरा मिनिटांचे काम. पण पाचच पुरतात, आणि का पुरतात हे समजले तर पुढे कायम उपयोगी पडते.

समजा 'म' ही मूळ संख्या ९९०१ ला भागते. मग ती १०००००१ लाही भागणार. म्हणजे १० च्या सहाव्या घाताला 'म' ने भागले की बाकी −१ राहते (भाग जायला १ कमी पडतो), आणि बाराव्या घाताला +१. आता १०, १००, १००० असे घात घेत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येते? तो क्रमांक १२ चा विभाजक असायला हवा, पण ६ चा नको, कारण सहाव्याला −१ आले आहे. असे दोनच उरतात, ४ आणि १२. चौथ्याला १ येत असेल तर दुसऱ्याला, म्हणजे १०० ला, −१ यायला हवे. मग १००² − १०० + १ ची बाकी १ + १ + १ = ३ होते, म्हणजे म = ३. पण ९९०१ च्या अंकांची बेरीज १९ आहे, ३ जात नाही. म्हणून क्रमांक १२ च. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार हा क्रमांक 'म' वजा १ ला भागतो. म्हणजे 'म' ही १२ च्या पटीपेक्षा १ ने मोठी. १०० च्या आत अशा मूळ संख्या १३, ३७, ६१, ७३, ९७ एवढ्याच. ९९०१ ला यांनी भागून बाकी अनुक्रमे ८, २२, १९, ४६ आणि ७ येते. एकानेही भाग जात नाही, ९९०१ मूळ.

इथवर हाती आलेले:

४१३५१२४१३५१२ = २³ × ११ × ३७ × १०१ × १२७ × ९९०१

ही ओळ वहीत उतरवण्याआधी ताळा करा. अख्खा गुणाकार पुन्हा करायची गरज नाही. नऊने भागून उरणाऱ्या बाक्या घ्या: ८, २, १, २, १, १. गुणाकार ३२, म्हणजे ५. आपल्या बारा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ३२, तीही ५. जुळले. पण नवाच्या ताळ्यात एक भोक आहे: अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही, ४१३५१२ च्या जागी ४१५३१२ लिहिले तरी तो जुळतोच. म्हणून जोडीला सातचाही ताळा करावा. सातच्या बाक्या १, ४, २, ३, १, ३. गुणाकार ७२, बाकी २. संख्येचे गट उजवीकडून आलटून पालटून: ५१२ − ४१३ + ५१२ − ४१३ = १९८, सातने भागून बाकी २. दोन्ही ताळे जुळले की मी निर्धास्त होतो.

विभाजकांची संख्या सोपी. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचे: ४ × २ × २ × २ × २ × २ = १२८. यात ८ ला एकच अवयव धरून ६४ लिहिणारे बरेच असतात. २ एकदाही न घेणे, एकदा, दोनदा, तीनदा असे चार पर्याय आहेत, म्हणून ४. मोंढ्यातल्या थप्पीसारखे समजा. एवढी पोती समान रांगांत, एकही पोते न उरता लावायची, तर रांगांची संख्या निवडायचे १२८ पर्याय आहेत. रांगा आणि एका रांगेतली पोती यांची अदलाबदल एकच धरली तर ६४. विषम विभाजक ३२.

बेरीज काढताना १२८ विभाजक लिहून काढू नका. प्रत्येक मूळ अवयवाची साखळी वेगळी बेरजेत घ्या आणि त्या बेरजा गुणा: (१ + २ + ४ + ८) × १२ × ३८ × १०२ × १२८ × ९९०२. क्रमाने १८०, ६८४०, ६९७६८०, ८९३०३०४०. शेवटचा गुणाकार उभा मांडू नका. १०,००० पट घेऊन ९८ पट वजा करा: ८,९३,०३,०४,००,००० − ८,७५,१६,९७,९२० = ८,८४,२७,८७,०२,०८०. संख्येची दुप्पट ८,२७,०२,४८,२७,०२४. बेरीज दुपटीहून जास्त आली, म्हणजे संख्या अबंडंट. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीजच तिच्याहून मोठी आहे.

खरे तर 'अबंडंट आहे का' एवढेच विचारले असते तर यातले काहीच करायला नको होते. ८८ च्या विभाजकांची बेरीज १८०, आणि ८८ ची दुप्पट १७६. आपली संख्या ८८ ची पट आहे. ८८ च्या प्रत्येक विभाजकाला त्या पटीने गुणले की आपल्या संख्येचा विभाजक मिळतो, म्हणून १७६ विरुद्ध १८० हा फरक तसाच वर चढतो. परीक्षेत एवढी दोन वाक्ये पुरतात.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, हेही सर विचारू शकतात. ४ × १० × ३६ × १०० × १२६ × ९९०० = १,७९,६२,५६,००,०००.

पूर्ण वर्ग नाही, शेवटचा अंक २ आहे एवढ्यावरच निकाल लागतो. पूर्ण वर्ग करायला कमीत कमी कितीने गुणावे? सगळे घातांक विषम आहेत, म्हणून प्रत्येक मूळ अवयव एकेकदा हवा. तो गुणाकार म्हणजे आपल्याच संख्येचा चौथा हिस्सा, १०३३७८१०३३७८. यातली गंमत बघा: कोणताही सहा अंकी पिनकोड दोनदा लिहिला तरी पूर्ण वर्ग होऊच शकत नाही. १०१ आणि ९९०१ आधीच एकेकदा आलेले असतात, त्यांचा घातांक सम करायचा तर पिनकोडालाही दोघांनी भाग जायला हवा, म्हणजे तो १०००००१ ची पट हवा. ते सहा अंकांत मावत नाही. अकरा अंकांवर आल्यावर प्रथमच हे जमते, कारण तिथला गुणक १००००००००००१, आणि त्याला ११ ने दोनदा भाग जातो. १३२२३१४०४९६ ही संख्या दोनदा लिहा, ती बरोबर ३६३६३६३६३६४ चा वर्ग आहे.

हर्षद संख्या हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी दिलेले. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जायला हवा. इथे बेरीज ३२, म्हणजे २ पाच वेळा हवा, आहे तीनच वेळा. हर्षद नाही. नुसत्या पिनकोडाची बेरीज १६, त्याला २ चार वेळा हवा होता, तोही एकाने हुकला.

आता आवर्तन. माझ्या मते या गृहपाठातला सगळ्यात चांगला भाग हाच. १ ला या संख्येने भागले तर २³ मुळे सुरुवातीचे तीन अंक आवर्तनाबाहेर राहतात. पुढचे आवर्तन किती लांब, हे बाकीच्या अवयवांवर ठरते. प्रत्येक अवयवासाठी वरचाच प्रश्न विचारायचा: १० च्या कितव्या घाताला बाकी १ पहिल्यांदा येते? ११ ला २, कारण ९९ ला ११ जातो. ३७ ला ३, कारण ९९९. १०१ ला ४, कारण ९९९९ = ९९ × १०१. ९९०१ ला १२, हे वर सिद्धच झाले. उरला १२७, आणि त्याच्यासाठी ९९९९९… लिहीत बसलात तर पान संपेल.

तिथे असे करा. १००० = ८ × १२७ − १६, म्हणून तिसऱ्या घाताची बाकी −१६. तिचा वर्ग २५६ = २ × १२७ + २, म्हणून सहाव्या घाताची बाकी फक्त २. आता सहाव्याचा सातवा घात घ्या, म्हणजे बेचाळीसावा: २ चा सातवा घात १२८, बाकी १. पण थांबू नका. ४२ ला १ आले म्हणजे पहिल्यांदा ४२ लाच आले असे होत नाही, त्याचा एखादा विभाजक आधी गाठू शकतो. ६, १४ आणि २१ तपासले की पुरते. सहाव्याला २. चौदाव्याला: बाराव्याची बाकी ४, गुणिले १००, म्हणजे ४०० − ३८१ = १९. एकविसाव्याला: अठराव्याची ८, गुणिले −१६, म्हणजे −१२८, बाकी −१. कुठेच १ नाही, म्हणून ४२. शेवटी २, ३, ४, १२, ४२ यांचा लसावि ८४. उत्तर: तीन अंक सोडून पुढे ८४ अंकांचे आवर्तन. इथे लसावि घ्यायचा, गुणाकार नाही. पाचांचा गुणाकार करून १२,०९६ लिहिलेला दिसला तर अवयव बरोबर असूनही गुण जातात.

हे सगळे इतके सुरळीत झाले त्यात नशिबाचाही वाटा आहे, ते मान्य करायला हवे. लातूरच्या पिनकोडाचे अवयव लहान निघाले. शेजारच्या धाराशिवचा ४१३५०१ घेतला असता तर ५०१ − ४१३ = ८८ वरून ११ लगेच सापडतो आणि ३७५९१ उरते. मग १७ पासून १९३ पर्यंत ३८ मूळ संख्यांनी भागत जायचे आणि एकही लागत नाही, कारण ३७५९१ मूळच आहे. तिथे युक्ती नाही, चिकाटीच. १०१ × ९९०१ हा भाग मात्र कोणत्याही पिनकोडाला तसाच लागू पडतो. फक्त पिनकोडातच १०१ किंवा ९९०१ दडलेला नाही ना ते बघा, नाहीतर त्याचा घातांक २ होतो आणि विभाजक चुकतात. १०१ ची कसोटी सोपी: दोन-दोन अंकांचे गट आलटून पालटून, १२ − ३५ + ४१ = १८. शून्य किंवा १०१ ची पट नाही, म्हणजे दडलेला नाही.

आणि कोणी डोळे मिटून बारा अंक लिहून दिले, त्यात काही रचनाच नसेल, तर हाताने फोडायच्या भानगडीत पडू नये. लहान कसोट्या लावाव्यात आणि उरलेले संगणकाला द्यावे. बारा अंक त्याला काहीच नाहीत, पण अंक वाढले की त्याचीही दमछाक होते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असलेली २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये फोडता आली, तीही असंख्य संगणक एकत्र जुंपून.

पिनकोड तीनदा लिहिला तर गुणक १०००००१०००००१ होतो, आणि पुष्कळांना वाटते तसे त्यात १०१ किंवा ९९०१ उरत नाहीत. तो १००१००१ × ९९९००१ असा फुटतो. पहिला ३ × ३३३६६७, दुसरा १९ × ५२५७९, आणि हे चारही मूळ. पिनकोडाचे अवयव मिळवून विभाजक ४ × २ चा सातवा घात, म्हणजे ५१२. ताळा संगणकावर करणार असाल तर एक्सेलमध्ये करू नका. एक्सेल पंधराच अंक धरते, आणि ४१३५१२४१३५१२४१३५१२ टाकले की काही न सांगता शेवटच्या ५१२ च्या जागी ००० करून ठेवते. मग ११ ने भाग जात नाही, ३७ ने जात नाही, आणि आपण उगाच वहीत चूक शोधत बसतो. पायथॉनमध्ये अंकांना अशी मर्यादा नाही, तिथे करा.